सुटका एका रात्रीची, सांभाळ वर्षानुवर्षांचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रात्री दोनच्या सुमारास फोन वाजतो. "सर, नाक्यावर एक गाडी अडवली आहे. चौदा जनावरं आहेत. उतरवायची कुठं?" असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "उभी किती अन् पडलेली किती?" कारण उभं जनावर चालत आत येतं. पडलेल्या जनावराला चार माणसं, एक जाड ताडपत्री आणि पुढचे कित्येक दिवस लागतात.

मंडळी, मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. तीस वर्षं वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत मोटरसायकलवर हिंडलो. निवृत्तीनंतर आता अकोला आणि अमरावतीच्या मधल्या एका छोट्या आश्रयस्थानात रोज जातो. शंभराच्या आसपास गाई-बैल, पाच घोडे, सात गाढवं, थोड्या म्हशी आणि काही शेळ्या एवढा आमचा संसार. लोक भेटले की म्हणतात, "मोठं पुण्याचं काम करता." पुण्याचा हिशेब मला कळत नाही, कुटाराचा कळतो. म्हणून आज तोच सांगणार आहे. जनावर सोडवल्याची बातमी तुम्ही पेपरात वाचता. तिथून पुढं काय होतं, हे सहसा छापून येत नाही.

कायद्याच्या भाषेत पकडलेलं जनावर म्हणजे 'मुद्देमाल'. चोरीची सायकल ठाण्याच्या आवारात चार वर्षं गंजत पडली तरी तिला भूक लागत नाही. बैल मात्र खटला चालू असो की नसो, दिवसाला सात किलो वाळलेला चारा खातो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. खटल्यातल्या जनावरांची देखभाल कशी करायची आणि तिचा खर्च आरोपीकडून कसा वसूल करायचा, याचे स्वतंत्र नियम मात्र २०१७ साली आले. कागदावर ते चांगले आहेत. पण निकाल लागेपर्यंत पोट थांबत नाही, आणि चाऱ्याचा व्यापारी निकालाची तारीख विचारत नाही.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्याच सुमाराला गावागावांत ट्रॅक्टर वाढत होते. एका बाजूनं बैलाचं काम गेलं, दुसऱ्या बाजूनं त्याचा बाजार गेला. मागं एक शेतकरी स्वतःच बैल घेऊन आमच्या फाटकाशी आला. चांगला उंचापुरा, पण वय झालेला बैल. खांद्यावर जुवाचा जुना घट्टा. मी विचारलं, "काबर आणला भाऊ?" तो म्हणाला, "सायेब, तीन एकरात याले चारू काय अन् आमी खाऊ काय? विकतो म्हनलं तं घेनारा नाई. सोडून देतो म्हनलं तं जीव होत नाई." जाताना त्यानं बैलाच्या गळ्यातली घंटी काढून खिशात घातली आणि मागं न बघता निघून गेला. त्याला निर्दय म्हणणारे लोक मला भेटतात. ते बहुधा शेती न करणारे असतात.

आता ती रात्रीची गाडी. दाटीवाटीनं आलेल्या जनावरांच्या अंगावर घासल्याच्या जखमा असतात, पाय सुजलेले असतात, पोट पाठीला लागलेलं असतं. बघणाऱ्याला वाटतं, आधी पोटभर खाऊ घालावं. नेमकं तेच करायचं नसतं. गाई-बैलाच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव असतात आणि चारा खरं तर ते पचवतात. दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर तेही अर्धमेले झालेले असतात. अशा वेळी समोर ढेप, धान्य किंवा शिळ्या पोळ्यांचा ढीग टाकला तर पोटात आम्ल तयार होतं आणि जनावर दुसऱ्या दिवशी दगावतं. म्हणून पहिल्या रात्री थोडं-थोडं पाणी, मूठभर मीठ-गूळ, वाळलेला कडबा आणि अंधार. बस्स. ज्याला ताप आहे किंवा अंगावर गाठी आहेत, त्याला दूरच्या छपरात.

हे मी एवढं लांबवून सांगतोय, कारण पोळ्याला आणि वसुबारसेला आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागते. प्रत्येकाच्या हातात पुरणपोळीचा डबा आणि मोबाईल. भावना खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण एका गाईनं दिवसभरात चाळीस पोळ्या खाल्ल्या तर रात्री तिचं पोट फुगतं आणि तिच्याजवळ आम्ही बसतो. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात पाठवणारेही पुष्कळ. भाताबरोबर प्लास्टिकचे ग्लास येतात, ते वेगळेच. मोकाट हिंडलेल्या गाईच्या पोटातून शस्त्रक्रियेत निघणारा प्लास्टिकचा गोळा ज्यानं एकदा पाहिला, तो कॅरीबॅगमध्ये शिळं अन्न बांधून फेकणार नाही. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली. गाईंपर्यंत ती पुरती पोचलेली नाही. तेव्हा यायचं असेल तर जरूर या, पण पोळीऐवजी कडब्याच्या पेंड्या आणा.

आणि इथंच वऱ्हाडातल्या सांभाळाची खरी गोम आहे. माझ्या लहानपणी घरोघर ज्वारी पेरली जायची. माणसाला भाकर आणि गुराला कडबा, दोन्ही एकाच ताटातून. नव्वदीनंतर सोयाबीन आलं आणि ज्वारी मागं सरत गेली. रानडुकरांचा त्रास, मजुरी, भाव, सगळी कारणं खरी आहेत. पण सोयाबीनच्या मागं कडबा उरत नाही, उरतं ते कुटार. मळणीयंत्रातून निघालेलं तेही काढणीच्या पावसात भिजलं तर बुरशी धरतं. तुरीचं, हरभऱ्याचं कुटार त्यातल्या त्यात बरं. गव्हांडा पोट भरतो, पोसत नाही. सरकीच्या ढेपेचा अकोला हा मोठा बाजार. पण ढेपेचा भाव वायद्यावर चढतो-उतरतो, आणि भेसळ ओळखायला ती पाण्यात भिजवून बघावी लागते.

साधा हिशेब करा. शंभर जनावरं, प्रत्येकी सात किलो, म्हणजे रोज सात क्विंटल. वर्षाला अडीच हजार क्विंटलच्या वर. किलोला पाच रुपये धरले तरी रोजचे साडेतीन हजार आणि वर्षाचे पावणेतेरा लाख. यात ढेप नाही, औषध नाही, माणसांचा पगार नाही. २०२४ साली राज्य सरकारनं गोशाळांमधल्या देशी गाईंसाठी दिवसाला पन्नास रुपये अनुदान जाहीर केलं. त्याचा आधार मोठा आहे, नाकारून चालणार नाही. पण घोडा, गाढव, म्हैस त्यात बसत नाहीत. गव्हाणीत हे सगळे शेजारी शेजारी उभे असतात, आणि कोणाच्या नावानं पैसे आले हे त्यांना वाचता येत नाही.

घोड्यांची गोष्ट जरा वेगळी आहे. आमच्याकडची सोनी ही वरातीची घोडी. तिच्या आधीच्या पिढ्या टांग्याला असाव्यात. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा या स्टेशनांबाहेर टांगे उभे असायचे, ते ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना आठवत असतील. रिक्षा आल्या आणि टांगे गेले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयानं २०१५ साली दिला. आपल्याकडे कुणी आदेश दिला नाही, टांगे आपोआप संपले. घोडा उरला तो लग्नापुरता. सीझन चार-सहा महिन्यांचा, आणि खाणं बारा महिन्यांचं. घोडी लंगडायला लागली की मालकाला ते परवडत नाही. सोनी आली तेव्हा तिच्या अंगावर मेंदीचे रंग होते आणि जबड्याच्या कोपऱ्यात लगामाची जुनी जखम. ओझं वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली झालेल्या नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन जनावराला कामाला जुंपू नये, असंही त्यात आहे. वऱ्हाडात हा नियम पाळायचा म्हटलं तर होळीपासून मृगापर्यंतच्या कितीतरी दुपारी मोकळ्या सोडाव्या लागतील.

गाईचं ज्ञान घेऊन घोडा सांभाळायला गेलं की फसगत होते. मीही फसलो. नोकरीत आयुष्यभर गाई-म्हशी केल्या, घोडे क्वचित. घोड्याला गाईसारखी चार कप्प्यांची पोटाची रचना नाही. त्याचं पोट लहान, आणि चारा पचतो तो मागच्या मोठ्या आतड्यात. त्यामुळे तो दिवसातले पंधरा-सोळा तास थोडं-थोडं चरत राहायला बनलेला आहे. त्याला दोन वेळा घमेलंभर टाकलं तर बिघडतं. आणि मुख्य म्हणजे घोड्याला ओकता येत नाही. आत गेलेलं वाईट अन्न परत बाहेर यायची वाटच नाही. बुरशीचं कुटार खाऊन गाय एखाद वेळ निभावून नेते, घोड्याला पोटशूळ उठतो. तो लोळतो, पोटाकडे वळून बघतो, घामानं चिंब होतो. पहिल्या वर्षी आमचा एक तट्टू असाच गेला. ते कुटार मीच वास न घेता टाकलं होतं. तेव्हापासून घोड्याच्या गव्हाणीत जाणारी प्रत्येक पाटी आधी नाकाशी धरतो.

सकाळी साडेपाचला दिवस सुरू होतो तो झाडूनं. आमच्या कामात सर्वांत जास्त झिजणारं अवजार झाडू आहे. गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गुरं राखण्यात गेलं. त्यांच्या दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभय हे एक सूत्र आहे, हे आपल्याकडे पुष्कळांना पाठ असतं. पण अभय द्यायचं तर आधी शेण उचलावं लागतं. शेणावर माश्या, माश्यांनी जखमेत अळ्या, असा तो क्रम आहे. झाडून झालं की घोड्यांना खरारा. खरारा करताना हात सगळ्या अंगावरून फिरतो. कुठं सूज आहे, कुठं गोचिड आहे, कुठं हात लावला की ती दचकते, सगळं कळतं. डॉक्टरांच्या तपासणीइतकंच ते महत्त्वाचं. मग चारही पाय उचलून खूर साफ करायचे. खूर नखासारखा वाढतो, महिन्याला साधारण बोटाच्या एका पेराच्या निम्म्याहून कमी. कामावरच्या घोड्याचा झिजतो, बसून असलेल्याचा झिजत नाही. दीड-दोन महिन्यांनी तो तासला नाही तर घोडा चुकीच्या जागी भार टाकतो आणि सांधे धरतात. पूर्वी प्रत्येक बाजारगावात नालबंद असायचा, बैलालाही तोच नाल ठोकायचा. आमचा नालबंद सत्तरी ओलांडलेला आहे. त्याचा मुलगा मोबाईल दुरुस्ती करतो. म्हातारा आला की मी आमच्या तरुण गड्याला त्याच्या शेजारी बसवतो. शिकून घेतलं तर ठीक.

घोड्याला धनुर्वाताची भीती फार. एक गंजका खिळा पुरतो, म्हणून लस चुकवायची नाही. नवा घोडा आला की त्याला आधी दूर बांधायचा आणि रक्ताचा नमुना तपासायला पाठवायचा. ग्लँडर्स नावाचा रोग घोडे-गाढवांत असतो आणि तो माणसालाही होतो. त्याची तपासणी हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग नक्की झाला तर कायद्यानं ते जनावर दयामरण देऊन पुरावं लागतं. सोनीचा अहवाल येईपर्यंत आमचा गडी हातमोजे घालून तिला चारा द्यायचा आणि लांबूनच तिच्याशी बोलायचा. अहवाल चांगला आला. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा तिच्या मानेवर उघडा हात ठेवला.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहीर खणली तरी पाणी खारट. आमची जागा त्याच्या कडेला आहे. बोअरचं पाणी धुण्याला चालतं, पिण्याला नाही. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर, गाईला त्याहून जास्त, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशीच्या पुढं गेला की सगळे आकडे वाढतात. गोडं पाणी टँकरनं आणावं लागतं. उन्हाळ्यात छपरावर पराट्या टाकतो, भोवती ओली बारदानं लावतो.

२०२२ चा पावसाळा मी विसरणार नाही. ऑगस्टमध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि बघता बघता वऱ्हाडात पसरला. अंगभर गाठी, ताप, पायांना सूज. डास, माश्या आणि गोचिड तो पसरवतात. गुरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीची लस गुरांना टोचायची मोहीम राज्यभर निघाली. त्या वर्षी पोळा कित्येक गावांत घरच्या घरीच झाला. आश्रयस्थानाची अडचण दुहेरी. आधीच अशक्त जनावरं, आणि तीही जवळजवळ बांधलेली. आम्ही दोन महिने नवं जनावर घेतलं नाही. फाटकाशी आलेल्या माणसाला "नाही" म्हणणं हे या कामातलं सर्वांत कठीण काम आहे, पण आतल्या शंभरांसाठी ते करावं लागतं. घोड्यांना हा रोग होत नाही, एवढाच काय तो दिलासा.

कधी कधी तर सांभाळणाऱ्याला जनावरच अनोळखी असतं. जानेवारी २०२२ मध्ये तळेगाव दशासर पोलिसांनी ५८ उंट ताब्यात घेतले. तळेगाव म्हणजे आपल्याला शंकरपटासाठी माहीत असलेलं गाव. उंट कत्तलीसाठी हैदराबादकडे नेले जात आहेत, अशी तक्रार होती. सोबतचे लोक कच्छकडचे पशुपालक होते आणि आमचा हा पिढीजात धंदा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. उंट अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत ठेवले गेले. पुढं न्यायालयानं ते पशुपालकांना परत दिले. खरं-खोटं ठरवणारा मी कोण? पण सांभाळणाऱ्याच्या बाजूनं बघा. उंट हा झाडपाला ओरबाडत मैलोन् मैल हिंडणारा प्राणी. बाभूळ, बोर, कडुनिंब हे त्याचं ताट. तो आवारात उभा राहून कडबा खात बसत नाही. ५८ उंटांसाठी रोज पाला तोडून आणायचा म्हणजे गावाच्या वेशीवरची झाडं किती दिवस पुरतील? जनावर ताब्यात घेण्याआधी ते जाणार कुठं आणि खाणार काय, एवढे दोन प्रश्न विचारायला हवेत असं मला वाटतं. आणि ते जनावर खरोखरच संकटात आहे का, हा तिसरा.

आमच्याकडे येणारी बरीच जनावरं परत जात नाहीत, मरतातही इथंच. बसलेली गाय उठेनाशी झाली की तिला दर चार तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर खालचं अंग सडतं. रात्री बाराला, चारला गजर लावून आम्ही ते करतो. कधी ती उठते. पुष्कळदा नाही. वेदनेसाठी इंजेक्शन द्यायचं तर तेही निवडून. डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला २००६ मध्ये बंदी आली. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरत होती. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही दोनही बंद झाली. आम्ही मेलोक्सिकॅम वापरतो. तरी अजून एखाद्या खेड्यात जुनी बाटली निघते, तेव्हा सांगून ठेवतो.

मेलेलं जनावर खोल खड्ड्यात, वर चुना आणि मीठ. पावसाळ्यात काळ्या मातीत खड्डा खणणं काय असतं, ते खणणाऱ्यालाच माहीत. म्हणून मृगाच्या आधी आम्ही दोन खड्डे तयार ठेवतो. पहिल्या वर्षी मला ते अभद्र वाटलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्हीही खांदशेकणी करतो. ज्यांच्या खांद्यावर आता कधीच जू येणार नाही, त्यांच्या खांद्यांना लोणी-हळद लावतो. तो घंटीवाला शेतकरी गेल्या पोळ्याला आला होता. खिशातून घंटी काढली, बैलाच्या गळ्यात बांधली, थोडा वेळ त्याच्याजवळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "कुटार देतो पाच पोते हरभऱ्याचं. कोरडं हाये." मी पोत्यात हात घालून वास घेतला. कोरडं होतं.

हे बोलणं संपवून मी परत जाईन तेव्हा चार वाजलेले असतील. चारला टँकर येतो. हौद भरेपर्यंत कुणीतरी मध्ये काठी आडवी धरून उभं राहावं लागतं, कारण म्हशी आधी शिरतात आणि पाणी गढूळ करतात. गढुळलेल्या पाण्याला सोनी तोंड लावत नाही.